पेवावरचा हात

आमच्या शाळेतल्या मुलांना बीड जिल्ह्याचे तालुके एका दमात सांगता येत नसत. माजलगावपर्यंत गाडी नीट यायची आणि तिथे हमखास अडायची. पण सर्बिया कुठे आहे म्हणून विचारा, पाचवीतलं शेंबडं पोरगंसुद्धा अंगणात पळत जाई आणि पायाच्या अंगठ्याने मातीत डॅन्यूब नदी काढून दाखवी.

मी त्या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. सातवीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "सांगा पाहू, दुष्काळावर उपाय काय?" झाडे लावा, पाणी अडवा, असं काहीतरी त्यांना ऐकायचं असावं. पहिल्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "राजानं आधी गावोगाव कणगी भरून ठेवावी."

"कोणत्या राजानं?"

"सर्बियाच्या."

"हे तुला कुणी शिकवलं?"

सगळ्या वर्गाने एकदम दाराकडे हात केले. दारात साळवे सर उभे होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी जागच्या जागी, वरच्या खिशात कागदात गुंडाळलेला खडू. चेहऱ्यावर अपराधीपणाचा मागमूस नाही. साहेब गेल्यावर मुख्याध्यापक त्यांच्यावर चिडले. सर म्हणाले, "पोरानं चूक काय सांगितली ते सांगा." मला मात्र तेव्हा वाटलं होतं, हा मास्तर एक तर चक्रम आहे नाहीतर आगाऊ. पुढे सोळा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. ते दोन्ही होते, एवढं कळलं. बाकीचं हळूहळू कळत गेलं.

नांदूरघाटपासून पायी तासाभरावर आमचं गाव. किसन साळवे याच गावचे, बौद्ध वस्तीतले. औरंगाबादला शिकून इथेच इतिहास शिकवायला परत आलेले. तिथे शिकत असताना रद्दीच्या दुकानात त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या सर्बियाच्या एका राजाची हकिगत. पुठ्ठा निघालेला, शेवटची पानं फाटलेली. राजाचं नाव सरांनी एकदा फळ्यावर लिहिलं होतं म्हणे, पण ते वर्गात कुणाला धड म्हणता येईना. तेव्हापासून तो नुसता राजा झाला.

तास सुरू झाला की दहा मिनिटं अभ्यासक्रम आणि मग राजा. तो शेतकऱ्याच्या घरचा, गरिबीत वाढलेला. त्याचा मुलूख तुर्कांच्या ताब्यात. त्यानं बंड केलं, पण नुसतं तलवारीवर विसंबला नाही. तुर्कांच्या दारात बसून, गोड बोलून, नजराणे देऊन, वर्षानुवर्षं चिकाटीनं एकेक गोष्ट सोडवून घेतली. जमीन कसणाऱ्याच्या नावावर केली. शेतकऱ्याचं घर आणि बैल जप्त करायचे नाहीत असा कायदा केला. आणि दर गावात मक्याची एक सामाईक कणगी उभी केली. पीक आलं की दर घरानं त्यात आपला वाटा टाकायचा आणि अडीनडीच्या वर्षी त्यातून खायचं. इथपर्यंत आलं की सर खडू खाली ठेवत. "घंटा झाली," म्हणत. पुष्कळदा ती झालेली नसे.

मठ्ठ म्हणून मागे पडलेल्या पोरांसाठी त्यांच्याजवळ एक वेगळा राजा होता. "त्याला सही करता येत नव्हती, बे. तुला तर येती. मग?" एवढ्यावर मुलगा पुन्हा पाटी उचलायचा.

नामदेव नावाचा एक मुलगा होता. गावाबाहेर डुकरं पाळणाऱ्या घरातला. त्याच्या शेजारी कुणी बसत नसे, आणि तो वर्गात शिरला की मागची पोरं नाकाने आवाज काढायची. मी दोनदा छड्या दिल्या. आवाज बंद झाला नाही, फक्त बारीक झाला. सरांनी छडीला हात लावला नाही. त्यांनी वर्गात येऊन विचारलं, "राजा व्हायच्या आधी राजा काय धंदा करायचा?" कुणाला माहीत नव्हतं. "डुकरं इकायचा. कळपच्या कळप हाकलत नदीपार ऑस्ट्रियात न्यायचा. त्याच पैशातून बंडाला बंदुका आल्या." मग ते नामदेवाकडे वळले आणि अगदी सरळपणे, एखाद्या जाणकाराला विचारावं तसं म्हणाले, "नामदेव, शंभर डुकरं पायी न्यायची म्हणलं तर माणसं किती लागतील रे?" नामदेव उठला. घाबरत घाबरत म्हणाला, "सर, म्होरं एक बादली घिऊन चालला की आपोआप येत्यात. दोन बास." त्या दिवसापासून तो पहिल्या बाकावर आला. मला आजही त्या छड्यांची लाज वाटते.

सरांची एक खोड सगळ्या शाळेत प्रसिद्ध होती. भाकरी खायच्या आधी ते तिचा वास घेत. स्वतःच्या डब्यातली असो, कुणाच्या लग्नातली असो, आधी तुकडा नाकाजवळ. मग डोळे मिटून एक क्षण थांबणार आणि मगच घास. आम्ही त्यावरून त्यांना फार छळलं. मी तर एकदा म्हणालेही, "सर, आमच्या घरची ज्वारी आहे, नवऱ्या मुलीची परीक्षा काय घेताय?" ते हसले. म्हणाले, "बाई, नाकाला सवय हाय. जाऊ द्या." मीही जाऊ दिलं. विचारायला हवं होतं.

त्यांचं सगळं लक्ष मात्र गावाच्या मधोमध असलेल्या एका जागेवर होतं. गढीच्या पायथ्याशी पाटलांचं जुनं पेव होतं. नव्या वाचकांसाठी सांगते, पेव म्हणजे धान्य साठवायचं भुयार. वरून तोंड एका माणसाच्या खांद्यांएवढं रुंद, आत मात्र खोलीभर जागा. खाली आणि बाजूंनी कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपायचं. चार-पाच वर्षंसुद्धा धान्य टिकतं. हे पेव बहात्तरच्या दुष्काळानंतर वापरात नव्हतं. सरांना ते गावासाठी हवं होतं. दर घराने खळ्यावरून दोन पायल्या ज्वारी टाकायची आणि गावाची कणगी करायची.

म्हातारे पाटील तसे दुष्ट नव्हते, पण गावाच्या मालकीचं काही असू शकतं हे त्यांना पटत नसे. सर दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत. सोमवारी मी विचारायची, "काय सर, शनिवारी कुठे?" ते म्हणत, "तुर्काकडं गेलतो."

"काय म्हणतो तुर्क?"

"चहा पाजला. कपात."

ही चेष्टा नव्हती. सुरुवातीला चहा वेगळ्या पेल्यात यायचा. दीड वर्ष सर त्या ओसरीवर जात राहिले. पेल्याचा कप झाला, पायरीची सतरंजी झाली, आणि एका शनिवारी पाटील म्हणाले, "ने बे मास्तर ते पेव. तुझ्या राजाचं लई ऐकलं. आता कान दुखाया लागले."

त्या वर्षी सुगी बरी झाली होती. लोकांनी पोती आणून टाकली. सगळ्यांची ज्वारी एकात मिसळणार म्हणून काही घरांत आधी कुरकुर झाली. कुणाची कुठली ते कळणार कसं, असं एक जण म्हणाला. सर म्हणाले, "तेच तर करायचंय." पेव भरलं, फरशी बसली, वरून माती लिंपली. आमच्याकडे खळ्यावर रास झाली की तिच्यावर राखेचा ठसा उमटवतात. ठसा मोडला तर रास हलली हे कळतं. तसा ओल्या मातीवर सरांनी आपल्या उजव्या हाताचा पंजा दाबला. त्यांची करंगळी लहानपणी खडी फोडताना हातोड्याखाली येऊन वाकडी झाली होती. तो पंजा गावात दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं.

हात धुताना ते मला म्हणाले, "बाई, या पेवात माझा बाप उतरलता."

मी त्यांच्या हातावर आणखी पाणी ओतलं.

"बंद पेवात हवा कोंडलेली असती. तोंड उघडून दिवसभर ठिवायचं, दिवा सोडून बघायचं, दिवा जळला तर माणूस उतरायचा. पण कोण थांबतंय? आमच्या वस्तीतला माणूस आधी सोडायचे. तो बोलला तर बाकीचे उतरायचे. माझा बाप बोलला न्हाई. वर काढला तवा डोळे पांढरे झालते. वर्षभर जगला, पण नीट न्हाई जगला. मजुरी म्हणून काठाची ज्वारी दिलती, काळी पडलेली. आय तिच्या भाकरी करायची. तो वास अजून नाकात हाय."

माझ्या माहेरी, अंबाजोगाईजवळच्या घाटनांदूरला, आमच्याही आजोबांचं पेव होतं. मला आठवतं, पेव निघायचं तेव्हा अंगणात आंबूस वास सुटायचा आणि आम्हा मुलांना सणासारखं वाटायचं. त्यात कोण उतरायचं ते आठवत नाही. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंच नव्हतं.

हे सगळं ऐकल्यावर, पेवावर हात फक्त आपलाच राहील असा हट्ट सरांनी धरला तेव्हा मला तो हट्ट वाटलाच नाही. वर्षामागून वर्ष ज्वारी पडत गेली. पेवासाठी गावाची एक सहकारी संस्था नोंदवायचं ठरलं. तालुक्याच्या सहकार कचेरीतला एक कारकून मोटारसायकलवर येऊन जाई. "गुरुजी, पोटनियम द्या की लिहून. समिती कोण, पेव कधी उघडायचं, कुणाच्या सहीनं. एवढं दिलं की काम झालं." सर म्हणत, "देतो उद्या." कोरे कागद त्यांच्या पिशवीत घडी घालून असत. कारकून चहा पिऊन जाई. असं दोन वर्षं चाललं. मला एकदा त्यांनी सांगितलं, "समिती झाली की पेव पुन्हा पाटलाचं होणार. बघा तुमी." यात तथ्य नव्हतं असं कुणी म्हणू शकलं नसतं.

मग पाऊस गेला. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही. भादव्यात टँकर आला. लोक सरांकडे आले, "सर, पेव उघडा." सर म्हणाले, "अजून न्हाई. खरी तंगी चैतात. आत्ता खाल्लं तर उन्हाळ्यात काय खाल?" त्यांच्या राजाच्या मुलखात असंच होतं. बर्फाचा हिवाळा सरत आला की घरातलं धान्य संपायचं, आणि तेव्हा कणग्या उघडायच्या. सरांनी पुस्तकातला हिशेब जसाच्या तसा आमच्या गावाला लावला होता.

आमच्याकडे भूक चैत्रापर्यंत थांबत नाही. दसरा आला की फाट्यावर मुकादमाच्या गाड्या लागतात. ज्या घरात दाणे नाहीत ते घर कोयता घेऊन गाडीत चढतं, ऊसतोडीला. जातं ते सहा महिन्यांसाठी, पोराबाळांसकट. त्या वर्षी गाड्या दसऱ्याच्या आधीच आल्या. सातवीच्या वर्गात एका सोमवारी अकरा मुलं उरली. सर त्या अकरा मुलांसमोर राजाच्या कणग्यांची गोष्ट सांगत होते. शेजारच्या वर्गातून मला ती ऐकू येत होती, आणि मला त्यांचा पहिल्यांदा राग आला.

त्याच सुमारास मी माहेरी गेले असताना अंबाजोगाईच्या वाचनालयात गेले. राजाचं पुढे काय झालं ते मला जाणून घ्यायचं होतं. जगाच्या इतिहासाच्या एका जाडजूड पुस्तकात दीड पान सापडलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं. गावात परतल्यावर ते सुनिताला सांगितलं. सुनिता सरांचीच विद्यार्थिनी, त्यांच्याच वस्तीतली, आता गावात अंगणवाडी चालवायची. तिचा नवरा दर साली कोयता घ्यायचा. मी तिला गप्पांत सांगितलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस बजावत होते. ते खरं नाही. मला स्वतःला सरांना विचारायचा धीर नव्हता, म्हणून मी तिला सांगितलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. विषय एकच, पेव. सर खुर्चीवर, पिशवी मांडीवर. लोक बोलले, भांडले, थकले. सरांचं उत्तर एकच, "चैतात." मग बायकांच्या घोळक्यातून सुनिता उठली.

"सर, एक इचारू?"

"इचार की."

"त्या राजाचं पुढं काय झालं?"

सर म्हणाले, "पुस्तक तिथंच फाटलंय, सुनिता. सगळ्यांना ठाव हाय."

"मला पुढचं ठाव हाय." ती माझ्याकडे न बघता बोलली, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. "त्याला त्याच्याच लोकांनी काढलं. तुर्कांनी न्हाई. पंच म्हणले, नेम लिहून द्या, आमाला इचारल्याबिगर काई करू नका. त्याला ते खपंना. मग त्याला गादी सोडून परमुलखात जावं लागलं."

"तो वाईट नव्हता," सर म्हणाले.

"वाईट कोण म्हणतंय, सर? कणग्या त्यानंच भरल्या. तुमी नसता तर हे पेव बी नसतं. पर भरणारा तुमी, झाकणारा तुमी, उघडणारा बी तुमीच, तर मग ते गावाचं कसं? आपल्याकडं भूक चैतात येत न्हाई. मुकादमाची गाडी दसऱ्याला येती. माझी पोर चौथीत हाय, उद्या तिला गाडीत घालायची हाय मला. तिचं नाव तुमच्याच शाळेच्या पटावर हाय."

सरांचा आवाज खाली गेला. "सुनिता, माझा बाप या पेवात..."

"ठाव हाय मला. दोर माझ्या आज्यानं धरलता." ती आता रडत होती, पण बोलायची थांबली नाही. "तवा वर पाटलाचा हात हुता. आता वर तुमचा हाय. मला आनंदच हाय त्याचा, सर. पर हात एकच हाय. आन् खाली आमीच हाव अजून."

असं आपल्या माणसाला भर सभेत ऐकवणं सोपं नसतं आणि ऐकणं तर त्याहून नाही. मला वाटलं, सर उठून जातील. मुख्याध्यापकांनाही तेच वाटलं असावं, कारण ते अर्धवट उठले होते. सरांनी पिशवीत हात घातला आणि ते कोरे कागद काढले. घड्यांवर पिवळे पडलेले. माझ्याकडे दिले.

"बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. लिहा."

मी मांडीवर वही ठेवली. ते सांगू लागले आणि एकदाही अडखळले नाहीत. दोन वर्षं ज्या माणसाने "उद्या देतो" म्हटलं, त्याच्या मनात हे सगळं आधीच तयार होतं. "पेवावर पाच हात. पाचांतले दोन बायांचे. पाची असल्याबिगर फरशी हलायची न्हाई. पेव दसऱ्याच्या आधी उघडायचं का न्हाई, ते दर साली गावानं ठरवायचं." मग थोडं थांबून, "पेवात उतरायची पाळी सगळ्या घरांची. पाटलाच्या घरापासून सगळ्यांची. आधी दिवा, मग माणूस."

"पाचांत तुमचा हात हायच की, सर," सुनिता म्हणाली.

"माझा नको."

"कावून?"

"नको म्हणलं ना," सर म्हणाले, आणि तेवढ्या एका वाक्यात जुना मास्तर परत आला. लोक हसले. काही डोळे पुसून हसले.

सोमवारी पेव निघालं. निम्म्या गाड्या तोवर गेल्या होत्या, ती घरं काही परत आली नाहीत. ते सरांनी कधी विसरायचा प्रयत्न केला नाही. पण उरलेली निम्मी घरं थांबली. सुनिताची मुलगी मंगळवारी दप्तर घेऊन शाळेत आली. सर दारात उभे होते. तिला म्हणाले, "उशीर केलास." ती म्हणाली, "न्हाई सर, घंटा आत्ताच झाली." ते म्हणाले, "तुला न्हाई म्हणत."

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. डब्याखालून एक घडी सरकवली. आठ-दहा छापील पानं होती, कडा ओबडधोबड फाटलेल्या. मी वरची ओळ वाचली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"मीच काढलती," ते म्हणाले. "औरंगाबादला असताना. पहिल्यांदा वाचलं तवाच. असं कसं झालं म्हणून लई राग आलता."

"लोकांचा?"

"तवा लोकांचा." भाकरीचा तुकडा त्यांनी नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "तुमीच सांगितलं ना सुनिताला?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

"बरं केलं. मला कुणी आपल्या माणसानं इचारायला पायजे होतं." मग ती पानं त्यांनी डिंकाने पुस्तकाला चिकटवली. कामचलाऊ, वाकडीतिकडी. पुस्तक त्यानंतर शाळेच्या कपाटात राहिलं, आणि वर्गातला राजा पुढे शेवटपर्यंत शिकवला जाऊ लागला. गादी सोडून गेलेला राजाही.

सर निवृत्त झाल्यावर भेटी कमी झाल्या. त्यांना दम लागायचा. शर्टाची इस्त्री मात्र सुटली नाही. पुढे आणखी एक वाईट साल आलं, आणि गावाने पोळ्यानंतर लगेच सभा घेऊन पेव उघडायचं ठरवलं. आदल्या दिवशी सुनिता आणि नामदेव त्यांना बोलवायला गेले. दोघेही आता पाच हातांपैकी. त्यांच्या मागोमाग मीही गेले.

"सर, उद्या फरशीला पैला हात तुमचा," नामदेव म्हणाला. "गावानं ठरवलंय."

सर मला म्हणाले, "बाई, राजाला म्हातारपणी लोकांनी परत बोलावलं होतं, आठवतंय का? शेवटच्या पानावर हाय."

"आठवतंय. गेला तो."

"गेला. आन् पुन्हा तसाच वागला. जायला नको होतं." मग पोरांकडे वळून, "हात लावायला मी येत न्हाई. दुसरं काम असलं तर येतो."

ते आले ते आत उतरायच्या दिवशी सकाळी. फरशी आदल्या दिवशीच काढून तोंड उघडं ठेवलेलं होतं. बाजूला निघालेल्या मातीचा थर पडला होता, त्यावर पाच पंजे. त्यातले दोन बारीक, बांगड्यांच्या खुणांसकट. वाकडी करंगळी कुठे नव्हती. उतरायची पाळी त्या साली पाटलांच्या घराची आली होती. म्हाताऱ्या पाटलांचा नातू, वीस-बावीस वर्षांचा, कमरेला दोर बांधून तोंडाशी उभा होता. हसत होता, पण हात पुनःपुन्हा पँटला पुसत होता. चार-पाच जणांनी त्याला सांगितलं, उतर, काही होत नाही, कालपासून उघडं आहे.

"थांबा," सर म्हणाले.

त्यांनी कंदील मागून घेतला. काठावर गुडघे टेकून बसायला त्यांना वेळ लागला, दोघांनी धरून बसवलं. दोरीला कंदील बांधून त्यांनी तो हळूहळू आत सोडला. उन्हामुळे आतलं काही दिसत नव्हतं, म्हणून ते पार वाकले, छाती जमिनीला टेकली, इस्त्रीचा पांढरा शर्ट मातीने भरला. त्यांचा दम वाजत होता. दोरी संपेपर्यंत त्यांनी कंदील सोडला आणि मग तसेच राहिले. लोक खाकरले. कुणीतरी म्हणालं, झालं की सर. त्यांनी मान वर केली नाही. नातू आता हसत नव्हता, सरांच्या पाठीकडे बघत होता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग सरांनी वाकड्या करंगळीचा हात मागे करून चाचपडत त्या मुलाचा पाय शोधला, आणि त्याच्या घोट्यावर थोपटलं.

"जळतोय, पोरा," ते म्हणाले. "आता उतर. मी हाय इथं."